जुन्या मोटरहोमचा विमा परवडेल असा कसा मिळवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१७ च्या फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेलं मोटरहोम पुण्यात विकायला आहे. घरच्यांबरोबर फिरण्यापुरतंच वापरायचं आहे. पण ऑनलाइन गाडीचा नंबर टाकला की एक साइट 'कोटेशन उपलब्ध नाही' म्हणते आणि दुसरी बसचा प्रीमियम दाखवते. मग परवडणारा विमा कुठे मिळेल?

बसचा प्रीमियम दिसतोय म्हणजे बहुधा आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, ती गाडी अजून बसच आहे. म्हणून विमा कंपन्या शोधण्याआधी आरसी शोधा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून 'व्हेईकल क्लास' बघा. तिथे 'मोटर कॅरॅव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन (प्रायव्हेट यूज)' असेल तर निम्मं काम झालं. 'बस', 'मॅक्सी कॅब' असं काही असेल तर आत पलंग, ओटा, टॉयलेट सगळं असूनही कायद्याच्या नजरेत ती प्रवासी गाडीच आहे.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. थर्ड पार्टीचे, म्हणजे टीपीचे (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचे), दर सरकार ठरवतं. त्यात घासाघीस नसते. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १५०० सीसीवरच्या खाजगी कारला ७,८९७ रुपये आहेत. सहापेक्षा जास्त प्रवाशांच्या प्रवासी गाडीला १४,३४३ रुपये आणि वर दर प्रवाशामागे ८७७. म्हणजे आरसीवर बारा प्रवासी असतील तर २४,८६७, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आत बसायला चार जागा असल्या तरी आरसीवर बारा लिहिलेत म्हणून तुम्ही बाराचे पैसे भरणार.

आरसीवर बदल चढलेला नसेल तर तो चढवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, आणि पूर्ण पैसे देण्याआधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आरटीओची परवानगी लागते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत फार कडक भूमिका घेतली. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजूर झालेली गाडी असेल तर विकणाऱ्याकडे बांधणी करणाऱ्याचं प्रमाणपत्र असायला हवं, ते मागा. गल्लीतल्या गॅरेजमध्ये सीट काढून प्लायवूड ठोकलेलं असेल तर मागाहून मंजुरी मिळवणं फार अवघड जातं. अशी गाडी स्वस्त दिसली तरी मी घ्या म्हणणार नाही.

इथे एजंट हमखास एक सल्ला देतो: 'साधी ट्रॅव्हलर म्हणून पॉलिसी काढू, कोण बघतंय?' सर्व्हेअर, म्हणजे क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा, बघतो. मोठा अपघात किंवा आग लागली की तो आतून-बाहेरून फोटो काढतो, आरसीशी ताडतो, आणि 'बदल कळवला नाही' या एका वाक्यावर क्लेम अडतो. प्रीमियममध्ये पाच-सात हजार वाचवायला जाऊन आठ लाखांच्या गाडीची भरपाई धोक्यात येते.

दुसरी गोष्ट मालकी बदलाची, आणि यात लोक सर्वाधिक फसतात. जुन्या मालकाची पॉलिसी अजून सहा महिने चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे टीपीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, म्हणजे ओडीचं, येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलंय. व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे लेखी अर्ज करा: मालकी बदलाच्या आरटीओ फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, जुन्या मालकाची संमती, तुमचं केवायसी. नावबदलाचं शुल्क किरकोळ असतं. मात्र जुन्या मालकाला नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) मिळत असेल तर उरलेल्या काळाचा तो फरक तुमच्याकडून घेतला जातो, कारण बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो.

आणि हाच नियम तुमच्या फायद्याचाही आहे. स्वतःची जुनी कार विकून हे मोटरहोम घेत असाल तर कारच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के बोनस असतो आणि ते पत्र तीन वर्षं चालतं. अट एवढीच की नवी गाडी त्याच प्रकारात बसली पाहिजे. म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न हा विचारा: 'तुम्ही ही गाडी प्रायव्हेट कार पॅकेजमध्ये घेताय की मिसलेनियसमध्ये?' मिसलेनियसमध्ये टाकली तर कारचा बोनस वापरता येत नाही.

मिसलेनियस म्हणजे व्यावसायिक गाड्यांच्या पॉलिसीचे आणखी दोन तोटे आहेत. गाडी जागेवर आहे पण आतली बॅटरी किंवा फ्रिज चोरीला गेला, तर भरपाई नाही; अख्खी गाडी चोरीला गेली तरच ॲक्सेसरीजचे पैसे. शिवाय दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेट, रंग यांचं नुकसान मूळ पॉलिसीत येत नाही. त्यासाठी आयएमटी-२३ हे कलम जादा पैसे भरून घ्यावं लागतं. म्हणून दोन कोटेशनमधली फक्त शेवटची रक्कम ताडून बघू नका.

आता आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, जिथे खरी बोलाचाली होते. पाच वर्षांवरच्या गाडीला ठरलेला घसाऱ्याचा तक्ता लागू नसतो. तुम्ही आणि कंपनी मिळून रक्कम ठरवता. पोर्टल मूळ ट्रॅव्हलरची किंमत धरतं, आतल्या कामाची नाही. त्यामुळे आतलं काम वेगळं दाखवा आणि त्याचे दोन भाग करा. सोलर पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, एसी हे विजेवर चालणारं सामान. जुन्या टॅरिफनुसार (पूर्वी सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या दरपत्रकानुसार) आयएमटी-२४ या कलमाखाली त्याला किमतीच्या ४ टक्के लागतात. पलंग, कपाटं, पाण्याच्या टाक्या हा दुसरा भाग. बिलं नसतील तर सरकारमान्य व्हॅल्युअरकडून यादीसह मूल्यांकन करून घ्या. बिलं विकणाऱ्याच्या नावाची असली तरी चालतात. गाडीबरोबर ती मागून घ्याच.

ओडीचा मूळ दर या आकाराच्या खाजगी गाडीला साधारण साडेतीन टक्के धरा. आठ लाखांच्या आयडीव्हीवर २८,००० होतात. २००७ पासून कंपन्यांना यावर सूट द्यायची मोकळीक आहे. समजा ५० टक्के सूट मिळाली, तर १४,०००. त्यावर तुमचा ५० टक्के एनसीबी लागला की ७,०००. स्वस्त विमा या दोन पायऱ्यांवर मिळतो, आयडीव्ही पाडून नाही. आयडीव्ही दोन लाखांनी पाडल्यावर या हिशेबात वाचतात जेमतेम १,७५० रुपये, आणि गाडी चोरीला गेली तर जातात दोन लाख.

ऐच्छिक वजावटीचंही, म्हणजे क्लेममधली ठरावीक रक्कम स्वतः सोसण्याचंही, तसंच. जुन्या टॅरिफच्या रचनेत दर क्लेमला १५,००० स्वतः सोसायची तयारी दाखवली तर वर्षाला फार तर २,५०० ची सूट मिळायची. कंपनी त्याहून बरीच जास्त देत असेल तरच घ्या.

मोटरहोमला क्लेमच्या वेळी मिळणारी रक्कम कमी का भरते, हेही आधी माहीत असू द्या. प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के. लाकडी भाग पत्र्याच्या वर्गात धरतात, म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मोटरहोमचं आतलं जवळजवळ सगळं यातच येतं. झिरो डेप (घसारा न कापण्याचा) ॲड-ऑन इतक्या जुन्या गाडीला क्वचित मिळतो. विचारा जरूर, पण त्याच्या भरवशावर बजेट मांडू नका.

कोटेशन पोर्टलवर बनत नसेल तर सरकारी कंपन्यांच्या (न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया) विभागीय कार्यालयात कागद घेऊन जा, आणि दोन खाजगी कंपन्यांच्या शाखांतही. एजंटऐवजी ब्रोकर धरला तर तो चार-पाच कंपन्यांच्या अंडररायटरकडे (विमा द्यायचा की नाही आणि किती दराने, हे ठरवणाऱ्याकडे) एकाच वेळी फाइल पाठवू शकतो. ओडी घ्यायला कंपनी नकार देऊ शकते. टीपीला मात्र गाडी जुनी किंवा वेगळी आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. तसं कोणी म्हणालं तर लेखी मागा आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका.

पॉलिसी संपलेली असेल तर नवी मिळण्याआधी तपासणी होते. त्या दिवशी गाडी धुऊन, उजेडात उभी ठेवा. चासी नंबर, आतलं प्रत्येक उपकरण आणि वायरिंगचा फ्यूज बॉक्स यांचे फोटो काढायला लावा. उघड्या जोडण्या, वायरला नुसती टेप, फ्यूज नसलेली लिथियम बॅटरी, मोकळा ठेवलेला गॅस सिलिंडर, या चार गोष्टींवर तपासणारा प्रतिकूल शेरा मारतो, आणि आगीच्या क्लेममध्येही याच पुढे येतात. हजार-दोन हजारांत नीट होणारं काम आहे, आधीच करून घ्या. एनसीबी टिकवायचा असेल तर संपलेल्या पॉलिसीचं नूतनीकरण ९० दिवसांच्या आत झालं पाहिजे.

१५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकाला सक्तीचा आहे, पण तेवढा विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तसं लिहून द्या. दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

सुट्टीच्या दिवसांत मित्राला किंवा ओळखीच्याला भाड्याने देण्याचा विचार असेल तर ही खाजगी पॉलिसी चालणार नाही. भाडं घेतल्याचा एक यूपीआय मेसेजसुद्धा क्लेम नाकारायला पुरू शकतो. तो धंदा करायचा तर गाडी ट्रान्सपोर्ट म्हणून नोंदवून वेगळी पॉलिसी घ्या. नेपाळ किंवा भूतानला जाणार असाल तर निघण्याआधी आयएमटी-१ कलमाखाली भौगोलिक वाढ, म्हणजे त्या देशातही विमा लागू असल्याची नोंद, करून घ्या. शुल्क नाममात्र आहे, पण सीमेपलीकडे गेल्यावर ती मिळत नाही.