वीज आणि चुंबकत्व कार्टूनमधून शिकवलं तर मुलांच्या डोक्यात चुकीच्या कल्पना बसतात का?

तुमची मुलगी बारा वर्षांची आहे, तिला चित्रांची आवड आहे आणि कार्टूनमधून वीज शिकवावी की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. जरूर शिकवा. फक्त चित्र कुठे तुटतं तेही तिला दाखवा.

मी मुलांना शिकवताना इलेक्ट्रॉन म्हणजे पाठीवर पोतं घेतलेले हमाल काढायचो. बॅटरीकडून पोतं घ्यायचं, दिव्याजवळ रिकामं करायचं, परत फिरायचं. मुलं खूश. मग एका मुलीनं विचारलं, "मग बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो? हमाल पोचायला वेळ नको?" अगदी बरोबर प्रश्न! तांब्याच्या साध्या तारेत इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेच पुढे सरकतात. एक मीटर जायला त्यांना अडीच-तीन तास लागतील.

आता मी सायकलची साखळी काढतो, प्रत्येक कडीला झोपाळू चेहरा. पायडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं, कारण साखळी आधीपासूनच तिथे आहे. कड्या खर्च होत नाहीत. एक कडी तुटली की सगळं ठप्प. घरातली वीज म्हणजे तीच साखळी सेकंदाला 50 किंवा 60 वेळा जागच्या जागी पुढे-मागे हलणारी.

पण या चित्रालाही एक मोठी मर्यादा आहे: तारेच्या बाहेर काय घडतं ते साखळी दाखवू शकत नाही. आणि खरी गंमत बाहेरच आहे. 1820 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला दिसलं की तारेतून प्रवाह गेला की शेजारची चुंबकसूची वळते. तारेकडे नाही, तारेपासून दूरही नाही, आडवी! तारेभोवती सगळीकडे छोट्या सूच्या काढा, त्यांना लांब नाकं द्या. प्रवाह सुरू झाला की सगळ्यांची नाकं गोल फेर धरल्यासारखी एकामागे एक वळतात. मग होकायंत्र आणि दीड व्होल्टचा सेल घेऊन हे खरंच करून बघा. तार क्षणभरच जोडा, तापते. घरातल्या प्लगला मात्र हात नाही.

चुंबक तोडला तरी प्रत्येक तुकड्यात उत्तर-दक्षिण जोडी राहते, हे दोन चौकटींत होतं.

इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेसाठी जास्त कागद ठेवा. त्याला गणित फारसं येत नव्हतं, तो बलरेषा (चुंबकाचं बल कुठल्या दिशेनं लागतं ते दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा) डोळ्यांसमोर आणून विचार करायचा, म्हणून तो मला चित्रं काढणाऱ्या मुलांचा माणूस वाटतो. 1831 मध्ये त्याला कळलं की तारेत प्रवाह निर्माण करायला नुसता चुंबक जवळ असून भागत नाही, काहीतरी बदलायला हवं. मी तारेची गुंडाळी हट्टी आजीसारखी काढतो, जिला कुठलाच बदल खपत नाही. चुंबक आत येतो: आजी विरोध करते, प्रवाह वाहतो. चुंबक आत स्थिर: आजी घोरते, प्रवाह शून्य. चुंबक बाहेर निघतो: आजी आता त्यालाही अडवते, प्रवाह उलटा.

चौथ्या चौकटीत चुंबक जागीच ठेवा आणि आजीला चाकांच्या खुर्चीत बसवून त्याच्याकडे ढकला. तिचा चेहरा कसा असेल, तो तुमच्या मुलीला काढू द्या.