जुने आर४४ घेताना शिल्लक तासांआधी शिल्लक वर्षे पाहा

टेक्सासमधील २००६ सालचे एक रॉबिन्सन आर४४ रेव्हन टू हेलिकॉप्टर तुमच्या पाहण्यात आले आहे, जाहिरातीत 'ओव्हरहॉलनंतर फक्त ७०० तास, १५०० तास शिल्लक' असे लिहिले आहे, आणि वर्षाकाठी शंभरेक तास उडवायचे असेल तर हा व्यवहार करावा का, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेत पिस्टन हेलिकॉप्टरांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तो ओव्हरहॉल, म्हणजे यंत्र उघडून भाग बदलून केलेली संपूर्ण फेरबांधणी, कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पूर्ण झाला हे जाहिरातीत कुठेच नाही. ते कळेपर्यंत मागितलेली किंमत रास्त आहे की अवास्तव, हे कोणालाही सांगता येणार नाही.

कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे बनणाऱ्या या हेलिकॉप्टरला कारखान्याने २२०० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी ओव्हरहॉलची मुदत घालून दिलेली आहे. प्रशिक्षण संस्थेचे यंत्र तीन-चार वर्षांतच २२०० तास गाठते, त्यामुळे तिथे वर्षांचा प्रश्न येत नाही. खासगी मालकाचे मात्र नेमके उलटे असते. समजा, हा ओव्हरहॉल नऊ वर्षांपूर्वीचा आहे. तुमच्या हातात तीन वर्षे उरतात, म्हणजे वर्षाला शंभर तासांप्रमाणे तीनशे तास, आणि उरलेले बाराशे तास तुम्ही पैसे मोजूनही कधी वापरू शकत नाही. याउलट चार वर्षांपूर्वी ओव्हरहॉल झालेले आणि १३०० तास उडालेले यंत्र जाहिरातीत थकलेले दिसते, पण त्यात तुम्हाला आठ वर्षे आणि वर्षाला शंभरप्रमाणे आठशे तास मिळतात. तुमच्यासारख्या वापराला हे दुसरे यंत्र अधिक मोलाचे आहे, आणि बाजारात ते पुष्कळदा स्वस्तात मिळते, कारण खरेदीदार तासांचाच आकडा पाहतात.

यावर विक्रेते हमखास सांगतात की खासगी वापराला बारा वर्षांची अट सक्तीची नाही. हे अर्धेच खरे आहे. कारखान्याची काही वेळापत्रके शिफारस म्हणून असतात; पण देखभाल पुस्तिकेतील उड्डाणयोग्यतेच्या मर्यादांचे प्रकरण सर्वांनाच बंधनकारक आहे आणि त्यात ज्या भागांचे आयुष्य ठरवून दिले आहे, ते भाग मुदत संपल्यावर काढावेच लागतात. ते प्रकरण स्वतः वाचा आणि यंत्राच्या प्रत्येक भागासमोर उरलेले तास व महिने लिहून काढा. संपूर्ण ओव्हरहॉलचा खर्च दोन लाख डॉलरांच्या वर जातो, त्यामुळे या एका कागदावरची बेरीज तुमच्या सगळ्या घासाघिशीपेक्षा जास्त पैसे वाचवते.

कागदपत्रांबद्दल मी हट्टी आहे आणि तुम्हीही असावे. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांतील ९१.४१७ या कलमानुसार आयुष्यमर्यादा असलेल्या भागांची सद्यःस्थिती आणि उड्डाणयोग्यता निर्देशांची, म्हणजे एडींची, पूर्तता यांच्या नोंदी मालकाने ठेवायच्या असतात आणि विक्रीबरोबर त्या नव्या मालकाकडे जायला हव्यात. लॉगबुकांच्या रंगीत प्रती पाहून समाधान मानू नका. मुख्य रोटरचे ब्लेड, हब, गिअरबॉक्स, टेल रोटर यांच्यावरचे अनुक्रमांक प्रत्यक्ष वाचून ते नोंदीशी जुळवा. एका यंत्राच्या नोंदीतला ब्लेडचा क्रमांक आणि ब्लेडवर कोरलेला क्रमांक वेगळे निघाले होते. त्यात लबाडी असेलच असे नाही, कुठल्या तरी दुरुस्तीत जोड्यांची अदलाबदल होऊन नोंद राहून गेली असेल. पण ज्या ब्लेडचे तास सिद्ध करता येत नाहीत ते ब्लेड कायद्याने आणि शहाणपणाने दोन्हीकडून बाद ठरते. तो व्यवहार तिथेच थांबला, आणि थांबला हे योग्यच झाले.

ब्लेडवर अजून थोडे थांबतो, कारण या यंत्राच्या इतिहासातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. रॉबिन्सनच्या जुन्या ब्लेडचा पत्रा आतल्या कण्याला चिकटवलेला असतो, आणि टोकाजवळचा रंग पावसाने व धुळीने झिजून चिकटवणीची रेषा उघडी पडली की पत्रा सुटू लागतो. या कारणाने एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने, एडी काढले, २०१४-२३-१६ हा त्यांतला महत्त्वाचा, आणि पुढे कारखान्याने अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे नवे ब्लेड आणले. आर४४ साठी त्यांचा भाग क्रमांक सी०१६-७ असा आहे. २००६ चे यंत्र मुळात जुन्या ब्लेडसह बाहेर पडलेले असणार, तेव्हा ओव्हरहॉलच्या वेळी '-७' बसले का, हे ब्लेडवरच वाचून घ्या. नवे ब्लेड असले तरी टोकाकडचा खालचा भाग जवळून पाहा, रंग उडून धातू दिसत असेल तर तिथे बोट फिरवा, आणि मेकॅनिकला नाण्याने ठोकून तपासणी करायला सांगा. त्यासाठी पाव डॉलरचे नाणे वापरतात, तेही १९६५ किंवा त्यानंतरचे, कारण त्याआधीची नाणी चांदीची होती आणि त्यांचा आवाज वेगळा येतो. घट्ट चिकटलेल्या पत्र्यावर टणटणीत, एकसारखा आवाज येतो. जिथे पत्रा सुटला आहे तिथे तो एकदम बसका होतो. हा फरक कानाला कळतो, शांत हँगरमध्ये तर नवख्यालाही कळतो.

दुसरी गोष्ट इंधनटाकीची, आणि इथे मी कोणतीही सवलत देणार नाही. आर४४ च्या जुन्या टाक्या नुसत्या अॅल्युमिनियमच्या होत्या. आदळण्याचा धक्का माणसे वाचतील इतका सौम्य असला तरी टाकी फुटून आग लागत असे. कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये सर्व्हिस बुलेटिन ७८, म्हणजे मालकांसाठीची लेखी सूचना, काढून आत रबरी पिशवी असलेल्या टाक्या बसवायला सांगितले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील बुली टॉप्स येथे मार्च २०१३ मध्ये असे बदल न केलेले आर४४ पडून पेटले आणि चौघे गेले. त्या देशाच्या नियामकाने हा बदल ३० एप्रिल २०१३ पर्यंत सक्तीचा केला होता. अमेरिकेत खासगी मालकाला सर्व्हिस बुलेटिन आपोआप बंधनकारक होत नाही, म्हणून बदल न केलेले यंत्र कायदेशीरपणे विकता येते. कुटुंबाला घेऊन उडणार असाल तर लॉगबुकात या बदलाची नोंद असल्याशिवाय पुढचे बोलणेसुद्धा करू नका.

इंजिन लायकॉमिंगचे आयओ-५४० आहे, इंधन इंजेक्शनचे, त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची चिंता नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत डोकावण्याची नळी), तेलाच्या फिल्टरची कापून तपासणी आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडची झीज एवढे पाहिले की चित्र स्पष्ट होते. कमी उडालेल्या इंजिनाला गंज हा मोठा शत्रू आहे, आणि वर्षाला सत्तर-ऐंशी तास उडालेले, मध्ये महिनोन्महिने उभे राहिलेले इंजिन नियमित उडालेल्या इंजिनापेक्षा वाईट स्थितीत असू शकते.

बेअरिंगांजवळ आणि गिअरबॉक्सवर तापमानाच्या छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांवरचे पांढरे चौकोन ठरावीक उष्णतेला कायमचे काळे पडतात. चांगला मेकॅनिक नेहमी काळ्या पडणाऱ्या शेवटच्या चौकोनाच्या पुढे पेनाने रेघ मारून ठेवतो, म्हणजे तिच्यापलीकडचा चौकोन काळा झाला की बेअरिंग तापू लागले हे लगेच दिसते. पट्ट्या कोऱ्या करकरीत असतील, तर त्या कधी आणि का बदलल्या हे विचारा.

यंत्राने आजवर काय काम केले हेही विचारा. वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडून गेल्यावर चेरीच्या बागांवर हेलिकॉप्टर घिरट्या घालून फळे वाळवतात. ते काम झाडांच्या अगदी वर, सतत जास्त ताकदीवर चालते. फवारणीच्या यंत्रांत रसायने सांध्यांत शिरतात, समुद्रकाठच्या यंत्रांत मीठ. अशी यंत्रे बाद नसतात, पण सांगाड्याच्या पोलादी नळ्या आणि शेपटीचे रिव्हेट यांची तपासणी तितकी कसून व्हायला हवी.

खरेदीपूर्व तपासणीची व्याख्या नियमांत कुठेच नाही, म्हणून काय काय पाहायचे ते लेखी ठरवा. तपासणारा मेकॅनिक रॉबिन्सनचे प्रशिक्षण घेतलेला असावा आणि त्याने हे यंत्र याआधी कधी सांभाळलेले नसावे. काही जण वार्षिक तपासणीच करून घ्या असे सुचवतात. त्यात अडचण अशी की दोष निघाल्यास त्यांची यादी मालकाच्या हाती पडते आणि दुरुस्ती होईपर्यंत यंत्र जमिनीवरच राहते, म्हणून बरेच विक्रेते तयार होत नाहीत आणि त्यांचे म्हणणे मला गैर वाटत नाही. वार्षिक तपासणीइतकी खोल, पण सही न करता केलेली पाहणी हा मध्यममार्ग बहुधा मान्य होतो.

बाकीचे थोडक्यात. ओक्लाहोमा सिटीतील एफएएच्या नोंदणी कार्यालयातून मालकी आणि कर्जाचा बोजा तपासून घ्या, मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ क्रमांकाचे फॉर्म मागवा, अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाच्या (एनटीएसबीच्या) नोंदींत यंत्राचा नोंदणी क्रमांक शोधा आणि पैसे तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यातूनच द्या. आर२२ आणि आर४४ चालवणाऱ्यांसाठी १९९५ पासून एसएफएआर ७३ हा वेगळा प्रशिक्षणाचा नियम आहे. त्याची पूर्तता झाली नसेल तर यंत्र तुमचे असूनही तुम्हाला एकट्याने उडवता येणार नाही, आणि विम्याचा अर्जही तिथेच अडेल.

पुढे-मागे यंत्र महाराष्ट्रात नेण्याचा विचार आहे, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. तसे असेल तर पैसे देण्याआधी भारताच्या विमानवाहतूक नियामकाची, म्हणजे डीजीसीएची, आयातीची पूर्वपरवानगी आणि आर४४ ची मान्यता असलेली देखभाल संस्था या दोन्ही गोष्टी निश्चित करा. हे इंजिन अॅव्हगॅस १०० एलएल या विमानांच्या पेट्रोलवर चालते. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू केले असले, तरी प्रत्येक विमानतळावर ते मिळेल असे धरून चालू नका.

आज विक्रेत्याकडून तीनच कागद मागवा: ओव्हरहॉल पूर्ण झाल्याच्या नोंदीचे पान, आयुष्यमर्यादा असलेल्या भागांची ताजी यादी आणि सर्व्हिस बुलेटिन ७८ च्या पूर्ततेची नोंद. हे आठवड्याभरात आले नाहीत तर दुसरे यंत्र शोधा. आले तर कळवा, भागांचे तास आणि तारखा मी तुमच्याबरोबर ओळीने तपासून देईन.