पुरातत्त्वशास्त्राचा अभ्यास कुठून सुरू करू?

प्रश्न: बी.ए. झालंय. पुरातत्त्व आणि प्रागैतिहासिक संस्कृती शिकायच्या आहेत. आधी कोणती पुस्तकं वाचू? पुढे नोकरी मिळते का?

उत्तर: पुस्तकांची यादी दुसरे कोणी देतीलच. मी आमच्या शेतातलं सांगतो.

गाव घोड नदीकाठचं. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या मातीचं टेकाड. पांढरीची माती शेताला चांगली, म्हणून सगळेच ती उपसत आले. मी आठवीत असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, चार ट्रॉल्या भरल्या. मी तिथेच होतो. गड्याच्या कुदळीला दोन मडकी लागली. करडी, जाड, हातानं घडवलेली. आडवी ठेवून तोंडाला तोंड लावलेली. आप्पा म्हणाले, "हळू रे." सगळे गप्प. धन असणार! मडकी फोडली, तर आत माती आणि काडीएवढी बारीक हाडं. "हॅट्, कोंबडी पुरलीय कुणीतरी." फावडी पुन्हा सुरू. बाजूला तांबड्या भांड्याची तोटी पडली होती, काळ्या रेघांची. टिचकी मारली की खणखणीत वाजायची. ती मी चड्डीच्या खिशात टाकली.

एम.ए.ला वर्गात इनामगावचे फोटो दाखवले. आमच्याच शिरूर तालुक्यातलं, १९६८ ते १९८३ खणलेलं. घराच्या जमिनीखाली खड्डा, त्यात तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी, आत तान्हं मूल, शेजारी तोटीचं भांडं. जोर्वे संस्कृती, म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची. पुढचं लेक्चर मला ऐकूच आलं नाही. (तिथे मोठ्यांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडत. मेलेला चालत फिरू नये म्हणून, असं म्हणतात. लेकरांची पावलं मात्र शाबूत.)

ती तोटी आजही माझ्या टेबलावर आहे. येणारा-जाणारा हातात घेऊन वा म्हणतो. उपयोग शून्य. मातीच्या कुठल्या थरातली (खालचा थर जुना, वरचा नवा), कुणाच्या घराखालची, मूल केवढं होतं, काही म्हणता काही सांगता येत नाही. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादची काशाची चार शिल्पं घ्या. १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना सापडली, साठ किलोंच्या वर वजन. पण रीतसर उत्खननात थरातून आली नाहीत, म्हणून त्यांच्या काळावरून विद्वानांत वाद झालेच.

तेव्हा आधी थर वाचायला शिका. एखाद्या उत्खननावर जाऊन महिनाभर ब्रशनं खापरं धुवा, मोजा, पिशवीवर नंबर घाला. कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही. आणि 'सोनं सापडलं का' हा प्रश्न ज्याच्या डोक्यात पहिला येतो, त्यानं दुसरं काहीही शिकावं.

गेल्या दिवाळीत आप्पांना तो फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसले. "कोंबडी नव्हती तर." मग म्हणाले, "पण त्या साली बाजरी झकास आली होती." त्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही म्हणा, टेकाड आधीच अर्धं गेलं होतं.

नोकरीचं राहिलंच. जागा कमी, वाट लांब. पोट भरतं, पण उशिरा. आणि हे वाचून कुणी कुदळ घेऊन पांढरीवर जाऊ नका, परवान्याशिवाय खणायचं नसतं. तोटी दिसली तर फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि ती आहे तिथेच राहू द्या.