सेंट फ्लोरियनचा ऑर्गनवादक

आपण विचारले आहे की, ज्याचे संगीत आणि ज्याची श्रद्धा एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाही असा चर्चमधला कोणी संगीतकार होऊन गेला का, आणि लोक त्याची आठवण इतक्या मायेने का काढतात. बहुतेक जण जर्मन संगीतकार बाखचे नाव घेतील आणि ते रास्तच आहे; पण बाखविषयी आदर वाटतो, माया वाटते ती ऑस्ट्रियाच्या आन्टोन ब्रुकनरविषयी. वसईतील आमच्या चर्चच्या गायकवृंदात मी गातो आणि माझी त्याच्याशी ओळख तिथेच झाली, त्यामुळे माझे उत्तर थोडे पक्षपाती आहे हे गृहीत धरावे.

ब्रुकनरचा जन्म 4 सप्टेंबर 1824 रोजी लिंत्स शहराजवळच्या आन्सफेल्डन गावी झाला. वडील शाळामास्तर होते, आणि त्या काळी खेड्यातल्या मास्तरांकडे चर्चमधले ऑर्गनवादनही असे. 1837 मध्ये वडील वारले तेव्हा आईने या बारा वर्षांच्या मुलाला जवळच्याच सेंट फ्लोरियन मठात बालगायक म्हणून नेऊन ठेवले. पुढे तोही मास्तर झाला. पहिल्या नोकरीत शाळेत शिकवण्याबरोबरच चर्चची घंटा वाजवणे आणि शेतात राबणे हेही त्याच्या वाट्याला आले. 1845 मध्ये तो शिक्षक म्हणून सेंट फ्लोरियनला परतला, काही वर्षांत तिथला ऑर्गनवादक झाला आणि 1855 च्या अखेरीस लिंत्सच्या कॅथेड्रलमधली (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमधली) ऑर्गनवादकाची जागा त्याने स्पर्धेत मिळवली.

याच सुमारास त्याने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. पोटापाण्याची सोय झालेली, हाताखाली मोठा ऑर्गन, वय तिशीच्या पुढे. तरीही तो व्हिएन्नाच्या सिमॉन सेख्टर यांचा शिष्य झाला आणि 1861 पर्यंत, बराचसा टपालाने, स्वरमेळाचे आणि काउंटरपॉइंटचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वतंत्र सुरावटी गुंफण्याचे, धडे गिरवत राहिला. शिक्षण चालू असताना स्वतंत्र रचना करायची नाही अशी गुरूंची अट होती आणि ती त्याने पाळली. शेवटी व्हिएन्नातील एका चर्चमध्ये परीक्षकांनी दिलेल्या विषयावर त्याने ऑर्गनवर आयत्या वेळी रचना उभी केली, तेव्हा परीक्षकांपैकी योहान हेर्बेक यांनी ‘खरे तर यानेच आपली परीक्षा घ्यायला हवी होती’ अशा आशयाचे उद्गार काढल्याचे सांगतात.

त्याच्या श्रद्धेविषयी बोलायचे तर तिच्यात तत्त्वचर्चा जवळजवळ नव्हती. होता तो नित्यनेम. त्याच्या रोजनिशांमध्ये दिवसभरात केलेल्या प्रार्थनांच्या नोंदी आहेत: प्रभूच्या प्रार्थनेसाठी एक अक्षर, मरियेच्या प्रार्थनेसाठी दुसरे, जपमाळेसाठी तिसरे, आणि किती वेळा म्हटली त्याप्रमाणे अक्षराखाली ओढलेल्या रेघा. व्हिएन्नाच्या संगीतशाळेत शिकवताना बाहेर प्रार्थनेची घंटा झाली की तो मध्येच थांबून प्रार्थना करी, असे त्याच्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. 1867 मध्ये त्याला मोठा मानसिक त्रास झाला, उपचारासाठी काही महिने बाहेरगावी राहावे लागले, आणि दिसेल ती वस्तू मोजत बसण्याची सवय त्या काळात बळावली. काही अभ्यासक त्या रेघांनाही या आजाराच्याच खात्यात टाकतात. मला ते पटत नाही. संध्याकाळी घरातले सगळे मिळून जपमाळ म्हणतात अशा घरात वाढलेल्या कोणालाही प्रार्थना मोजण्यात नवल वाटणार नाही. मोजायचे म्हणून तर माळेला मणी असतात.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळतो. लिंत्सच्या नव्या कॅथेड्रलचे बांधकाम चालू असताना तिथले पहिले प्रार्थनागृह पूर्ण झाले, आणि त्यासाठी त्याने 1869 मध्ये ‘लोकुस इस्ते’ हे चार आवाजांचे छोटे लॅटिन गीत लिहिले. ‘हे स्थान देवाने घडवले आहे’ असा त्याचा आरंभ आहे. मधल्या भागात आम्हा बेसवाल्यांना, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात गाणाऱ्यांना, काहीच काम नसते. आम्ही गप्प उभे राहतो, आणि वरचे तिन्ही आवाज अगदी हळू, अर्ध्या अर्ध्या स्वरांनी सरकत जातात. पायाच काढून घेतल्यामुळे ते सूर अधांतरी राहिल्यासारखे वाटतात. शेवटच्या ओळीआधी सगळे आवाज थांबतात आणि काही मात्रा कोणीच गात नाही. घुमणाऱ्या चर्चमध्ये हे गायल्यावर कळते की, ती जागा त्याने इमारतीसाठी मोकळी सोडली आहे. तालमीच्या बुटक्या खोलीत तोच विराम निव्वळ चुकल्यासारखा वाटतो.

1868 मध्ये तो व्हिएन्नात प्राध्यापक झाला. ऑर्गनवादक म्हणून 1869 मध्ये पॅरिसच्या नोत्र दाममध्ये आणि 1871 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने लोकांना थक्क केले. गंमत अशी की ऑर्गनसाठी लिहून ठेवलेल्या त्याच्या रचना अगदी मोजक्या आहेत. जे वाजवले ते आयत्या वेळी सुचलेले होते आणि तिथेच विरले. सिंफन्यांच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या मोठ्या रचनांच्या, बाबतीत मात्र व्हिएन्नाने त्याला छळले. एडुआर्ड हान्सलिकसारखे वजनदार समीक्षक विरोधात होते, आणि 16 डिसेंबर 1877 रोजी तिसरी सिंफनी त्याने स्वतः संचालित केली तेव्हा श्रोते उठून जाऊ लागले व शेवटी मूठभरच उरले. चौथ्या सिंफनीच्या वेळी खूश होऊन त्याने संचालक हान्स रिख्टर यांच्या हातात टालर नावाचे एक नाणे ठेवले आणि बिअर प्या म्हणून सांगितले. रिख्टरनी ते नाणे घड्याळाच्या साखळीत अडकवून घेतले. हा किस्सा त्याचा भोळेपणा दाखवायला सांगतात, पण ज्याने नाणे जपले त्यालाही काहीतरी कळले होते, असे मला वाटते.

11 ऑक्टोबर 1896 रोजी तो वारला, आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे सेंट फ्लोरियनला ऑर्गनच्या खाली त्याला ठेवण्यात आले. नववी सिंफनी ‘प्रिय देवाला’ अर्पण करायची, असे तो म्हणाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. तिचा चौथा भाग अपुरा राहिला, आणि तो झालाच नाही तर शेवटी आपले ‘ते देउम’ हे स्तुतिगान जोडावे असे त्याने सुचवले होते. काही संचालक तसे करतातही. दोन्ही रचनांची पट्टी जुळत नाही आणि कानाला सांधा जाणवतो, त्यामुळे मी नववी तिसऱ्या भागावरच थांबवतो आणि ‘ते देउम’ दुसऱ्या दिवशी वेगळे ऐकतो. आपण मात्र सुरुवात ‘लोकुस इस्ते’पासून करावी, ते तीन-चार मिनिटांतच संपते.