मुकादमाची वही

लेकरा,

रविवारी तू गेलास आणि तुझा बायोडाटा आमच्या टेबलावरच राहिला. रात्री तो वाचला. सकाळी ड्युटीला निघताना परत वाचला. दोन पानांत व्हीएमसीवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर धातू कापणाऱ्या मशीनवरच्या, तुझ्या चौदा महिन्यांच्या कामाची एकच ओळ आहे : 'कंपनीत कामाचा १ वर्षाचा अनुभव.' खाली मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी. मग क्रिकेटची आवड.

त्याआधी अर्धा तास तू माझ्यासमोर बसून काय काय सांगत होतास! नग धरणाऱ्या फिक्स्चरच्या टेकणीवर धातूची बारीक चिप अडकली की हाऊसिंग, म्हणजे तो कापायचा नग, तिरकं बसतं आणि फेस एका बाजूला जास्त कापला जातो, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजल्याचं तुला मशीनच्या आवाजावरून कळलं आणि मशीन लावून देणारा सेटर यायच्या आत तू मशीन थांबवलीस. हे सांगताना तुझा हात हवेत ते हाऊसिंग धरल्यासारखा फिरत होता. तो पोरगा त्या कागदावर कुठंच नाही. मला राग आला तो याचा. तू विचारलंस, 'काका, चाकणला जाऊ, का पोलीस भरती अजून एकदा देऊ, का इथंच थांबू?' आणि मी गप्प बसलो. तुझं तोंड उतरलं, ते मला दिसलं होतं.

उत्तर द्यायला माझ्याकडं काही असतं तर दिलं असतं. तूच मला एकही नेमकी गोष्ट सांगितली नाहीस. भरतीत 'थोडक्यात हुकलं' म्हणालास. थोडक्यात म्हणजे किती? मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची. तुझे १६०० मीटरमध्ये गेले, गोळाफेकीत गेले, का लेखीत? तीन वर्षं पहाटे उठून पळालास आणि हे तुला सांगता येत नाही. गोळ्यात गेले असतील तर चार महिन्यांत सुधारता येतील. लेखीत वीस गुण कमी असतील तर ते वेगळं दुखणं आहे. आकडा हातात नाही, तोवर 'अजून एकदा' या शब्दाला काही अर्थ नाही.

चाकणचंही तेच. मित्र अठरा हजार म्हणतो. ग्रॉस का हातात? आठ तासांचे का बारा तासांचे? जादा कामाला कायद्यानं दुप्पट दर आहे, तो मिळतो का? कंपनीच्या रोलवर, कॉन्ट्रॅक्टरकडं, का अप्रेंटिस म्हणून? तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, त्याला पीएफ नसतो. पण करार रीतसर नोंदवलेला असेल आणि शेवटची परीक्षा पास झालास, तर राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. कॉन्ट्रॅक्टवर पीएफ कापायलाच हवा. खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि गावी जायचं तिकीट वजा करून किती उरतात, ते कागदावर मांड. मग आपण जाऊ-राहू बोलू. आणि तो जो कोण विमानतळावर लावतो म्हणून पंधरा हजार मागतोय, त्याचा फोन उचलू नकोस. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही.

वही घे. दोनशे पानी. रोज शिफ्ट सुटल्यावर पाच ओळी लिही आणि नेमकं लिही.

तुला वाटेल, काका एका वहीवर काय अडून बसलेत. म्हणून सांगतो, एरवी मी हे कुणाला सांगत नाही. माझे आई-वडील केज तालुक्यातून ऊसतोडीला जायचे. दोघं मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन निघायचे, मार्च-एप्रिलला परत यायचे. रोज किती टन तोडला, ते मुकादमाच्या वहीत असायचं. फक्त त्याच्याच वहीत. हंगाम संपला की मुकादम वही उघडायचा आणि सांगायचा, 'एवढे फिरले अजून.' म्हणजे तेवढी उचल अजून फेडायची राहिली. बाप मान हलवायचा. त्याच्याकडं मान हलवण्याशिवाय दुसरं काय होतं? आई म्हणायची, 'यंदा जास्त तोडला होता की हो.' जास्त म्हणजे किती, ते तिलाही सांगता यायचं नाही. ज्याची वही, त्याचा हिशोब. मी दहा वर्षांचा असताना हे बघितलं आणि तरी शिकलो नाही.

१९९४ साली आयटीआय करून वाळूजला आलो. बजाज १९८५ मध्ये इथं आल्यापासून तिच्या मागं सुट्या भागांची कितीतरी वर्कशॉपं उभी राहिली होती. गेटवर उभं राहिलं की काम मिळायचं. मला एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरकडून लावलं. चार वर्षं पगारातून पीएफ कापला गेला. मी एकदाही विचारलं नाही. कॉन्ट्रॅक्टर निघून गेल्यावर पीएफ ऑफिसात गेलो, तर माझ्या नावावर एक रुपया जमा नव्हता. पगाराच्या स्लिपा मी ठेवल्या नव्हत्या. कॉन्ट्रॅक्टरनं भरलं नाही तर मूळ कंपनीलाही जबाबदार धरता येतं, हे मला फार उशिरा कळलं. पुढच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, 'चार वर्षं काय केलं?' मी म्हणालो, 'सगळंच केलं साहेब.' त्यांनी फाईल मिटली. मला घाम फुटला होता आणि हातात चार वर्षांचं खरंखुरं काम असूनही तोंडातून एक आकडा निघेना. परत येताना वाळूजजवळच्या पंढरपूरच्या फाट्यावर किती वेळ बसून राहिलो, आठवत नाही. बाप मान हलवायचा, मी 'सगळंच' म्हणालो. दोन्ही एकच.

तुझ्या वेळेला निदान यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, आहे. आज रात्रीच उमंग अॅपवर पासबुक उघड आणि महिन्या-महिन्याची नोंद पगाराच्या स्लिपेशी ताडून बघ. बेसिक आणि डीएवर तुझे बारा टक्के, कंपनीचे बारा टक्के. कंपनीच्या त्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. एखादा महिना कोरा असेल तर आत्ता विचार, चार वर्षांनी नाही. आणि नोकरी बदलली की पोरं पीएफ काढून मोबाईल घेतात, ते करू नकोस. ट्रान्सफर कर. पेन्शनला दहा वर्षांची सेवा मोजली जाते, ती दर वेळी शून्यावर आणू नकोस.

बायोडाटा फाडला मी. नवा एका पानाचा कर आणि अनुभवाच्या जागी असं लिही : व्हीएमसी, फानुक कंट्रोल, अॅल्युमिनियम हाऊसिंग, लोडिंग धरून अडीच मिनिटांची सायकल, साडेचारशे मिनिटांच्या शिफ्टला १८० नग, टूल ऑफसेट स्वतः देतो, सेटिंग सेटरच्या हाताखाली केलं आहे, प्रोग्रॅम वाचता येतो, लिहिता येत नाही. शेवटचं गाळू नकोस. येत नाही ते नेमकं सांगणाऱ्यावर समोरचा बाकीच्या गोष्टींत विश्वास ठेवतो. मी स्वतः आता पोरं निवडतो, म्हणून सांगतोय. ड्रॉइंगचे फोटो मात्र काढायचे नाहीत. ते कंपनीचं आहे. तुझं शिकणं तुझं आहे.

या नेमकेपणापायी मला किंमतही मोजावी लागली, तेही तुला माहीत असू दे. २००६ साली एका लॉटमध्ये नगाला २५ एच७ चा बोअर, म्हणजे भोक, होता. त्याचं माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. मला २५.०३४ मिळत होता, म्हणजे तेरा मायक्रॉन जास्त. कमी असता तर परत कापून दुरुस्त केला असता, जास्त कापलेलं परत भरता येत नाही. वरून निरोप आला, रिपोर्टवर २५.०२० लिही, ट्रक उभा आहे. मी लिहिलं नाही. दोन वर्षं मला स्टोअरला बसवलं, माझ्या मागून आलेले दोघं पुढं गेले. तुझी काकू अजून म्हणते, तेरा मायक्रॉनसाठी पोरांच्या शाळेची फी अडकवली. तिचं खरं आहे, फी अडकली होती. पण तो बोअर २५.०३४ होता. मी काय करायचं होतं? बापाच्या टनांचा खोटा आकडा कुणीतरी असाच हात न थरथरता लिहिला असणार ना? मला ते जमलं नाही आणि आजही जमणार नाही. हट्टी म्हणायचं तर म्हण.

पत्र लांबलं. चिडून लिहिलंय असं वाटलं तर तसंच आहे, पण तुझ्यावर नाही. त्या अर्ध्या तासात तू जे बोललास ते ऐकून मला माझा बाप आठवला. एका नजरेत ऊस किती भरेल ते सांगायचा तो, आणि ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ये. चारनंतर मी घरीच आहे, काकूनं तुझ्यासाठी भाकरी टाकायचं ठरवलंय. येताना चार गोष्टी आण : पीएफचं पासबुक, भरतीचे तुझे गुण, चाकणच्या खर्चाचा कागद आणि वही. वहीत सहा दिवसांच्या नोंदी हव्यात. पाच चालणार नाहीत.

तुझा,
काका

ता. क. पेन्सिलीनं लिहू नकोस. खोडता येतं.