वाचकांचे प्रश्न : फ्रेझरचा सामन आणि त्याची चढणीची वाट

गेल्या अंकात कॅनडाच्या पश्चिम टोकाला असलेल्या फ्रेझर नदीविषयी एक छोटे टिपण दिले होते. रॉकी पर्वतात उगम पावून, सुमारे 1,375 किलोमीटर वाहून व्हँकुव्हर शहराजवळ समुद्राला मिळणारी ही नदी सामन माशासाठी प्रसिद्ध आहे. त्या टिपणावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपल्याकडे रावस माशाला ‘इंडियन सामन’ म्हणतात. तो याच कुळातला का? (एक गृहिणी, शाहूपुरी)

उत्तर : नाही. रावस हा वेगळ्याच कुळातला, किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात आणि खाड्यांमध्ये राहणारा मासा आहे. ते नाव बाजाराने दिलेले आहे. रावस चवीला उत्तम असतो, पण सामनशी त्याचे नाते नाही.

प्रश्न : एवढ्या मोठ्या समुद्रातून मासा आपल्याच ओढ्यात कसा परत येतो, आणि अंडी घातल्यावर मरतो का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : फ्रेझरमध्ये सामनच्या अनेक जाती आहेत, मी त्यांतल्या सॉकआय जातीविषयी लिहितो. तिचे आयुष्य बहुधा चार वर्षांचे असते. खडीखालच्या अंड्यातून निघालेले पिल्लू एक वर्ष तळ्यात काढते, मग नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्रात उतरते, उत्तर पॅसिफिकमध्ये दोनेक वर्षे चरून मोठे होते आणि चौथ्या वर्षी घराकडे वळते. मोकळ्या समुद्रात त्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा समजते, असे मानायला चांगला आधार आहे. फ्रेझरच्या मुखासमोर व्हँकुव्हर बेट आडवे पसरलेले असल्याने परतणारे मासे काही वर्षी जास्त करून उत्तरेकडून, तर काही वर्षी दक्षिणेकडून वळसा घालतात. मासेमारीच्या 56 वर्षांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, हे मासे पिल्लू असताना नदीच्या मुखाशी जे चुंबकीय क्षेत्र होते, त्याच्याशी बेटाच्या ज्या बाजूचे क्षेत्र त्या वर्षी अधिक जुळते, त्या बाजूने त्यांचा लोंढा वाढतो.

नदीत शिरल्यावर मात्र काम नाकाचे. अमेरिकेतील आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात एका ओढ्याच्या दोन फाट्यांतून सामन पकडले, त्यांतील निम्म्यांच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सगळ्यांना फाट्यांच्या संगमाखाली सोडले. नाक मोकळे असलेले मासे बहुतांशी आपापल्या फाट्याला गेले, तर नाक बंद असलेल्यांना फाटा ओळखता आला नाही. माती, झाडपाला आणि शेवाळ यांमुळे प्रत्येक ओढ्याला स्वतःचा वास असतो आणि तो पिल्लाच्या स्मृतीत कायमचा बसतो.

मरणाचे म्हणाल, तर सॉकआय अंडी घातल्यावर वाचत नाही. गोड्या पाण्यात शिरताच तो खाणे सोडतो आणि पुढचा सारा प्रवास अंगातल्या चरबीवर करतो. 2018 च्या ऑक्टोबरात मी फ्रेझरच्या खोऱ्यातील ॲडम्स नदीच्या काठी उभा होतो. समुद्रात रुपेरी असलेला हा मासा तेथे कुंकवासारखा लाल झालेला होता, डोके तेवढे हिरवट. गुडघाभर पाण्यात एक मादी कुशीवर वळून शेपटीने खडी उडवत होती. खड्डा करता करता तिची शेपटी झिजून पांढरी पडली होती. अशा खड्ड्यांत एक मादी तीन ते चार हजार अंडी घालते आणि ती खडीने झाकते. काठावर मेलेल्या माशांचा खच होता, वासाने नाक धरावे लागत होते आणि पाणपक्षी त्यांवर तुटून पडले होते. हे मासे कुजून पाण्याला जे पोषण देतात, त्यावर तळ्यातील सूक्ष्म जीव वाढतात आणि पुढच्या वसंतात त्यांवरच पिल्ले जगतात. अस्वले मासे ओढून रानात नेतात, त्यामुळे समुद्रातून आलेल्या नायट्रोजनची खूण काठच्या झाडांच्या लाकडातही सापडते.

प्रश्न : लहानपणी पहिल्या पुराला आम्ही चढणीचे मासे पाहत असू, ते आता कमी झाले. फ्रेझरवर धरणे नाहीत का? (निवृत्त शेतकरी, शिरोळ तालुका)

उत्तर : आपले चढणीचे मासे समुद्रात जात नाहीत आणि अंडी घालून मरतही नाहीत, पण वाट मोकळी असावी लागते, ही दोघांची गरज एकच. फ्रेझरच्या काही उपनद्या अडवलेल्या आहेत, मुख्य प्रवाहावर मात्र आजही एकही धरण नाही. तरीही ही वाट एकदा माणसाने बंद केली होती. हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत नदी जेमतेम 35 मीटर रुंद होते. तेथे लोहमार्गासाठी डोंगर फोडताना दगड नदीत ढकलले गेले आणि 1914 च्या फेब्रुवारीत मोठी दरड कोसळली. सामन वेगाच्या पाण्यात सलग पोहत नाही. जोर करून थोडे अंतर कापतो आणि खडकाआडच्या संथ पाण्यात दम खातो. दम खाण्याच्या त्या जागाच दगडांनी बुजल्या. 1913 हे मोठ्या लोंढ्याचे वर्ष होते. त्या वर्षी, म्हणजे दरडीच्या आधीच, ढकललेल्या दगडांमुळे असंख्य मासे घळीखालीच अडकून अंडी न घालता मेले आणि चार वर्षांनी, 1917 मध्ये, मासेमारी कोसळली. दगड काढण्याचे प्रयत्न झाले, पण वाट नीट मोकळी झाली ती 1945-46 मध्ये, घळीच्या कडेने काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधल्यावर. म्हणजे तीस वर्षे गेली. 2018 च्या अखेरीस बिग बार येथे पुन्हा दरड कोसळली. ती 2019 च्या जूनमध्ये लक्षात आली, तेव्हा मासे हेलिकॉप्टरने उचलून वर सोडावे लागले.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढतात, त्यामुळे चढणीच्या दिवसांत त्यातून वाट मिळू शकते. बरगे काढण्याची तारीख ठरवताना पाण्याच्या साठ्याबरोबर माशांचाही विचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : त्या नदीकाठच्या मूळ लोकांचे काय झाले? (शिक्षिका, राधानगरी)

उत्तर : खालच्या फ्रेझरकाठचे लोक स्वतःला स्टोलो, म्हणजे नदीचे लोक, म्हणवतात. हंगामातला पहिला सामन सर्वांनी वाटून खायचा आणि त्याची हाडे आदराने नदीला परत द्यायची, अशी त्यांची रीत आहे. घळीतल्या कोरड्या, उष्ण वाऱ्यावर मासे चिरून वाळत घालतात आणि मासे धरण्याचे खडक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांकडे चालत आलेले असतात. 1888 च्या सरकारी नियमांनी त्यांना पोटापुरते मासे धरण्याची मुभा ठेवली, विक्रीचा हक्क मात्र काढून घेतला. आणि त्याच काळात नदीच्या मुखाशी मासे डबाबंद करण्याचे कारखाने वाढत होते. मला हा अन्याय फार मोठा वाटतो. पुढे मुखाजवळच्या मस्क्वीम समाजातील रोनाल्ड स्पॅरो यांच्यावर नियमापेक्षा लांब जाळे वापरल्याचा खटला झाला आणि 1990 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने अन्नासाठी व धार्मिक विधींसाठी मासे धरण्याचा मूळ रहिवाशांचा हक्क मान्य केला.

प्रश्न : मुलगा व्हँकुव्हरला असतो. हे दृश्य पाहायला केव्हा जावे? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : ॲडम्स नदीचा मोठा लोंढा दर चार वर्षांनी येतो. 2018 आणि 2022 नंतरचे वर्ष 2026. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरावा. सकाळी थंडी असते, जाड कपडे न्यावेत. नदी कितीही उथळ दिसली तरी पाण्यात उतरू नये, कारण पायाखालच्या खडीत अंडी असतात.