अदलाबदलीत मिळालेल्या रोपाला भलतंच फूल आलं, म्हणजे फसवणूक झाली का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर अनोळखी बागप्रेमींशी रोपांची अदलाबदल करताय. निम्मी रोपं मेली, आणि जगलेल्या दोन अडेनियमांना (फुगीर बुडाचं शोभेचं झाड) फोटोतल्या गर्द लाल, डबल पाकळीच्या फुलांऐवजी साधी गुलाबी फुलं आली. समोरच्यानं फसवलं का, असा तुमचा प्रश्न.

मला तसं वाटत नाही. त्यानं तुम्हाला बियांपासून केलेली रोपं दिली असणार. संकरित अडेनियमच्या बीतून आईसारखंच फूल येईल याची कुणीच खात्री देऊ शकत नाही, कारण परागकण कुठल्या झाडाचे होते हे किड्यांनाच ठाऊक. तोच रंग, तीच पाकळी हवी तर कलम किंवा फांदी मागायची. मात्र फांदीपासून वाढवलेल्या अडेनियमचं बूड बीच्या रोपासारखं सहज फुगत नाही. म्हणून लोक बीच्या गुबगुबीत खुंटावर, म्हणजे मुळासकट खालच्या झाडावर, हव्या त्या फुलाचं कलम बांधतात. तुमच्या त्या दोन गुलाबी झाडांना फेकू नका, उत्तम खुंट आहेत ते.

रंग बदलायची आणखी दोन कारणं मी स्वतः भोगलीत. एकदा एका पिवळ्या गुलाबावर दुसऱ्या वर्षी वेगळीच बारीक फुलं आली. नीट पाहिलं तर कलमाच्या जोडाखालून खुंटाचे फुटवे जोमानं वाढले होते आणि वरचा गुलाब वाळून गेला होता. आळस माझा, शिव्या मात्र मनातल्या मनात देणाऱ्याला घातल्या. दुसरं, निळं म्हणून आणलेलं हायड्रेंजिया माझ्याकडे गुलाबी झालं. त्याच्या बऱ्याच जातींचा रंग मातीवर ठरतो: आम्लधर्मी मातीत झाडाला ॲल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं होतं, अल्कधर्मी मातीत गुलाबी. म्हणून रोप घेताना 'हे कशापासून केलंय आणि कशात वाढलंय' हे दोन प्रश्न आधी विचारा. फोटो नंतर.

आता मरणाऱ्या रोपांबद्दल. प्रवासापेक्षा आपण पोचल्यावर करतो त्या लाडानं जास्त मरतात. अडेनियम मुळांची माती झाडून, दोनचार दिवस सुकवून, कोरड्या कागदात गुंडाळून पाठवावं. पोचलं की कुजलेला भाग स्वच्छ पात्यानं कापा, जखम सुकू द्या, कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. (चीक विषारी असतो, हात धुवा.) जास्वंदीच्या फांदीचं उलट. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, वरची एकदोन पानं अर्धी कापलेली फांदी, आणि फक्त बुडाशी ओलसर कागद. अख्खी फांदी ओली करून पिशवीत कोंबलीत तर आत बुरशीच पोचते. आणि काही संकरित जास्वंदी स्वतःच्या मुळांवर धडपणे वाढत नाहीत, तिथं फांद्या मागण्यात अर्थ नाही. नवख्यानं पावसाळी लिलीच्या कंदांपासून सुरुवात करावी. कोरडे पाठवले तरी जगतात, आणि एका कुंडीत इतके वाढतात की वाटावेच लागतात. तिची काळी चपटी बी मात्र साठवू नका, ताजीच पेरा.

मला जास्त धास्ती आहे ती न मागता आलेल्या पाहुण्यांची. नवीन रोप तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवा. पानाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर पिठ्या ढेकूण, तो एका जास्वंदीवरून सगळ्या कुंड्यांत जातो. कर्दळीच्या पानावर शिरांलगत पिवळे पट्टे दिसले तर बहुधा विषाणू. त्याला औषध नाही, आणि रोगट झाडाचा कंद देणं म्हणजे रोगही देणं. असा कंद खतात न टाकता कचऱ्यात घाला. कुणी 'पट्टेरी पानांची दुर्मिळ कर्दळ' म्हणून देऊ केली तर दोनदा पाहा. खऱ्या पट्टेरी जातीही आहेत, पण त्यांचे पट्टे पानोपानी एकसारखे असतात. ही भूल जुनी आहे. १६३७ साली हॉलंडमध्ये ज्यांचा बाजार कोसळला त्या ट्यूलिपांपैकी सर्वांत महागड्या फुलांवरचे ज्वाळांसारखे पट्टेही माव्यानं पसरवलेल्या विषाणूचेच होते. हे विसाव्या शतकात कळलं.

परदेशातून रोपं, कंद मागवताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्या देशाचे आयातीचे नियम आधी बघा. जलपर्णी आणि घाणेरीही शोभेची झाडं म्हणूनच जगभर नेली गेली होती.

मेलेल्या रोपांबद्दल देणाऱ्याला सरळ कळवा, कुंडीचा आणि मुळांचा फोटो जोडून. माझ्या अनुभवात दहातले आठ जण दुसरी फांदी आपणहून पाठवतात.